‘नशेत होतो साहेब’ : कायदा हे किती ऐकतो?

(राजूर, ता. वणी, जि. यवतमाळ इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे. शेवटची प्रश्नोत्तरं शक्यतो बोलली तशीच ठेवली आहेत.)

खाणीतली पाळी संपवून आलेले भाऊ, चुन्याच्या भट्टीवरून थेट इथं आलेल्या बाया, आणि मागं उभी असलेली तरुण मुलं, सगळ्यांचे आभार. मागच्या मुलांनी पुढं यावं, जागा आहे.

आधीच सांगून टाकते. दारू वाईट आहे हे सांगायला मी आलेली नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि काहींनी त्याची किंमतही मोजली आहे. माझा विषय त्याच्या पुढचा आहे. माणूस स्वतःच्या मर्जीनं प्याला, आणि त्या नशेत त्यानं कुणाला मारलं, जाळलं, गाडीखाली चिरडलं, तर फौजदारी कायदा त्याला किती जबाबदार धरतो?

वकिली करताना दोन वाक्यं सारखी कानावर येतात. आरोपीच्या घरचे म्हणतात, ‘तो शुद्धीत नव्हता हो, त्याला काही कळतच नव्हतं. सुटेल ना?’ आणि ज्याचं माणूस गेलं ते म्हणतात, ‘दारू पिऊन आला होता, म्हणजे आता सरळ फाशीच.’ दोन्ही वाक्यांमागचं दुःख खरं आहे. पण कायद्याच्या हिशेबानं दोन्ही वाक्यं चूक आहेत. दारूमुळे माणूस सुटत नाही, आणि केवळ दारू प्याला होता म्हणून तो आपोआप खुनीही ठरत नाही. या दोन टोकांच्या मध्ये काय आहे, तेवढं आज समजून घेऊ.

कलमं दोनच आहेत

१८६० च्या भारतीय दंड संहितेत ८५ आणि ८६ ही दोन कलमं होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यात तीच कलमं २३ आणि २४ झाली. नंबर बदलले, गाभा तोच राहिला. म्हणून जुने निकाल आजही कामाला येतात.

कलम २३ चा पहिला प्रश्न असा : नशेची वस्तू पोटात गेली कशी? समजा, होळीला कुणी थंडाई म्हणून पेला हातात दिला आणि त्यात भांग घोटलेली होती. पिणाऱ्याला पत्ता नाही. किंवा चार जणांनी धरून जबरदस्तीनं पाजली. आणि त्यामुळे त्याची अशी अवस्था झाली, की आपण काय करतोय, किंवा करतोय ते चूक आहे, बेकायदा आहे, हे कळण्याची ताकदच उरली नाही. अशा माणसाच्या हातून काही घडलं तर तो गुन्हा नाही. इथं दोन्ही गोष्टी लागतात. नकळत किंवा इच्छेविरुद्ध दिलेली नशा, आणि समजच गेलेली असणं. एक आहे आणि एक नाही, असं चालत नाही.

आता कुणी म्हणेल, ‘दोस्तांनी आग्रह केला, नाही म्हणता आलं नाही.’ आग्रह म्हणजे जबरदस्ती नाही. ‘सवयच लागली आहे, प्यायल्याशिवाय हात थरथरतो.’ सवय म्हणजेही जबरदस्ती नाही. आणि या अपवादात आपण बसतो हे दाखवण्याचं ओझं आरोपीवर असतं. ‘पाजली हो मला’ एवढं तोंडी म्हणून भागत नाही.

म्हणजे राजूर काय, वणी काय, मुंबई काय, शंभरातल्या जवळजवळ सगळ्या प्रकरणांत हा दरवाजा बंदच असतो. पेला स्वतः उचललेला असतो.

जाणीव वेगळी, हेतू वेगळा

खरी गुंतागुंत कलम २४ मध्ये आहे. तिथं दोन शब्द नीट वेगळे करावे लागतात.

हेतू म्हणजे अमुक घडावं अशी इच्छा धरून केलेलं काम. जाणीव म्हणजे अमुक घडू शकतं हे माहीत असणं, मग ते घडावं अशी इच्छा असो वा नसो. आठवडी बाजारात एखाद्यानं भरधाव गाडी घातली. कुणी मरावं असं त्याच्या मनात नसेल, म्हणजे हेतू नाही. पण एवढ्या गर्दीत माणूस मरू शकतो हे शुद्धीतल्या कुणालाही कळतं. ही जाणीव.

कलम २४ काय म्हणतं? माणूस स्वतःच्या मर्जीनं प्याला असेल, तर त्याला तेवढीच जाणीव होती असं धरून चालायचं, जेवढी तो न पिता असता तर त्याला असती. ‘मला कळत नव्हतं’ हे वाक्य इथं संपतं. तुला कळत होतं असंच न्यायालय धरणार, कारण कळेनासं व्हावं याची सोय तू स्वतः केलीस.

पण हे गृहीत धरणं जाणिवेपुरतंच आहे. ‘त्याचा हेतूही होता’ असं कायदा आपोआप धरत नाही. हेतू होता की नव्हता हे घडलेल्या प्रसंगावरून, त्याच्या वागण्यावरून ठरवावं लागतं.

यानं फरक काय पडतो? शिक्षेत पडतो. खून ठरला तर कलम १०३ : फाशी किंवा जन्मठेप. खून न ठरणारा सदोष मनुष्यवध, म्हणजे कलम १०५. त्यात हेतू असेल तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं, आणि नुसती जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत. निव्वळ निष्काळजीपणा ठरला तर कलम १०६ : साधारणपणे पाच वर्षांपर्यंत. एकच मृत्यू, पण हेतू, जाणीव आणि निष्काळजीपणा या तीन पायऱ्यांवर तीन वेगळ्या शिक्षा.

लग्नातला जमादार

हेतू कसा ओळखायचा, याचा धडा सर्वोच्च न्यायालयानं १९५६ मध्ये घालून दिला. बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य. पेप्सू म्हणजे त्या वेळचं पतियाळा आणि पूर्व पंजाब संस्थानांचं राज्य. लष्करातून निवृत्त झालेला एक जमादार लग्नाला गेला. भरपूर प्याला होता. दुपारच्या जेवणाला मंडळी जमली, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाला तो म्हणाला, सरक, मला बसू दे. मुलगा सरकला नाही. जमादारानं पिस्तूल काढलं आणि पोटात गोळी घातली. मुलगा गेला.

बचाव असा, की तो इतका प्याला होता की मारण्याचा हेतू धरणंच त्याला शक्य नव्हतं. न्यायालयानं काय पाहिलं? तो अडखळत होता, मधूनच बरळत होता, हे मान्य केलं. पण तो स्वतःच्या पायांनी तिथं आला. बसायची जागा त्यानं स्वतः निवडली. मुलाला सरकायला सांगितलं. गोळी झाडल्यावर पळायचा प्रयत्न केला. पकडल्यावर माफी मागितली. म्हणजे आपण काय केलं ते त्याला कळत होतं. डोकं तापलं, जीभ सैल झाली, राग लवकर आला, एवढ्यानं हेतू पुसला जात नाही. खुनाची शिक्षा कायम राहिली.

कार्टर रोडची पहाट

दुसरं प्रकरण आपल्या राज्यातलं. मुंबई, वांद्रे, कार्टर रोड. १२ नोव्हेंबर २००६ ची पहाट. रस्त्याच्या कामावरचे मजूर दिवसभर राबून फुटपाथवर झोपले होते. एक मोटार त्यांच्यावर चढली. सात जण मेले, आठ जण जखमी झाले. चालवणाऱ्याच्या रक्तात मद्याचं प्रमाण ०.११२ टक्के आढळलं. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. इथं ११२ होतं, म्हणजे जवळजवळ चौपट.

सत्र न्यायालयानं हा निष्काळजीपणा मानला. सहा महिने साधी कैद आणि पाच लाख रुपये दंड. सात माणसं, सहा महिने. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २००७ मध्ये निकाल फिरला : हा निष्काळजीपणा नाही, जाणीव असलेला सदोष मनुष्यवध आहे. शिक्षा तीन वर्षं सक्तमजुरी. जानेवारी २०१२ मध्ये, परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात, सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं.

तीन वर्षं कमी वाटतात का? मलाही वाटतात. पण तत्त्व लक्षात घ्या. मजूर मारावेत असा हेतू नव्हता, म्हणून खून नाही. पण पिऊन, बेफाम गाडी चालवताना माणसं मरू शकतात याची जाणीव धरली गेली, म्हणून नुसता अपघातही नाही. तुमच्यातले कितीतरी जण कामासाठी परगावी जातात आणि मिळेल तिथं पाठ टेकतात. फुटपाथवर झोपलेल्या माणसाच्या जिवाची जाणीव ठेवणं चालवणाऱ्यावर बंधनकारक आहे, असं या निकालानं सांगितलं.

रॉकेलचे दोन खटले

आता जरा जड बोलते. बायांनी मन घट्ट करावं.

पहिला खटला राजस्थानचा, कालूराम विरुद्ध राजस्थान राज्य. दारूला पैसे हवेत म्हणून नवरा बायकोचे दागिने मागत होता. तिनं नकार दिला. त्यानं तिच्यावर रॉकेल ओतून पेटवलं. ज्वाळा उठल्या, तसा तो घाबरला आणि वेड्यासारखं पाणी ओतून तिला विझवू लागला. ती वाचली नाही. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की त्या अवस्थेत परिणाम एवढा होईल असं त्यानं धरलेलं दिसत नाही. खून नाही, सदोष मनुष्यवध.

दुसरा खटला महाराष्ट्रातला. जाधव विरुद्ध महाराष्ट्र राज्य, डिसेंबर २०१९. इथंही नवरा प्यालेला, इथंही रॉकेल. आरोपीच्या वकिलानं कालूरामचा निकाल पुढं केला : आमच्या अशिलानंही नंतर पाणी ओतलं होतं, तोही नशेत होता. सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही. का? रॉकेल अंगावर पडल्यावर बाई कडी काढून बाहेर पळू पाहत होती, आणि तेव्हा त्यानं पेटती काडी टाकली. दारापर्यंत गेलेल्या बाईवर काडी टाकणारा माणूस काय करतोय ते त्याला कळत नव्हतं, असं कसं म्हणायचं? खुनाची शिक्षा कायम.

दोन्हीकडे दारू, दोन्हीकडे रॉकेल, दोन्हीकडे पाणी. मग निकाल वेगळे का? दारूमुळे नाही. काडी कधी पडली, ती कुठं होती, तो आधी आणि नंतर कसा वागला, या तपशिलांमुळे. कार्टर रोडला रक्ताचा अहवाल हाताशी होता. इथं दारावरची कडी निर्णायक ठरली.

म्हणून पहिले काही तास

आजच्या भाषणातलं एकच घरी न्यायचं असेल तर हे न्या. हेतू घटनेच्या तपशिलावरून ठरतो, आणि तपशील पहिल्या काही तासांतच टिपला जातो. नंतर तो विसरला जातो, धुतला जातो, किंवा गावात समजूत घालून दाबला जातो.

एक. रक्ताचा नमुना. शरीर दारू सतत बाहेर टाकत असतं. दर तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅमनं प्रमाण उतरतं. रात्री घडलं आणि आरोपीची वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी दुपारी झाली, तर रक्त काहीच बोलणार नाही. तपासणी लगेच व्हावी, असा आग्रह फिर्याद देतानाच धरा.

दोन. फिर्यादीत ‘दारू पिऊन आला आणि मारलं’ एवढंच लिहून देऊ नका. तो आला कसा, काय बोलला, हत्यार कुठून आणलं, दार कुणी लावलं, नंतर पळाला का, कुणाला काय म्हणाला, हे सगळं सांगा. आणि खरं तेवढंच सांगा. वाढवून सांगितलेलं वाक्य उलटतपासणीत टिकत नाही, आणि पडताना खरी वाक्यंही सोबत घेऊन जातं.

तीन. भाजलेली किंवा जखमी बाई बोलू शकत असेल, तर तिचा जबाब ताबडतोब व्हावा. तो मॅजिस्ट्रेटसमोर झाला तर उत्तम. पण लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं आहे, की मृत्युपूर्व जबाबावर डॉक्टरांचा शेरा नाही एवढ्यानं तो जबाब रद्द होत नाही. बाई शुद्धीवर होती आणि स्वतःहून बोलली, याची न्यायालयाला खात्री पटली पाहिजे.

आणि आरोपीच्या घरच्यांनाही सांगते. तपशील तुमच्याही बाजूचा असू शकतो. तो खरंच विझवायला धावला असेल, स्वतःच दवाखान्यात घेऊन गेला असेल, तर ते सांगा. ‘नशेत होता’ याच्यापेक्षा त्या गोष्टीचं वजन जास्त आहे.

दुसरीकडे काय आहे?

हा पेच फक्त आपलाच नाही. जर्मनीच्या दंडसंहितेत वेगळी तोड आहे. स्वतःहून इतकी नशा केली की माणूस जबाबदारच धरता येत नाही, आणि त्या अवस्थेत बेकायदा कृत्य घडलं, तर ‘तशी नशा करणं’ हाच वेगळा गुन्हा, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. कॅनडात १९९४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं लैंगिक अत्याचाराच्या एका खटल्यात म्हटलं, की टोकाच्या नशेचा बचाव घेता येईल. बायकांच्या संघटना खवळल्या. १९९५ मध्ये संसदेनं कायदा करून तो बचाव बंद केला. मे २०२२ मध्ये न्यायालयानं तो कायदा घटनाबाह्य ठरवला, आणि जूनमध्येच संसदेनं सुधारून नवा केला. आपल्याकडे जाणिवेची ही मेख १८६० पासून ठोकलेली आहे, त्यामुळे एवढी ओढाताण झाली नाही.

आता तुम्ही विचारा.

प्रश्न (एक बाई) : वकीलबाई, तो रोज पेते, रोज मारते. शुद्धीवर आला का पाया पडते. मंग मी काय करू?

उत्तर : ताई, सकाळी पाया पडला म्हणून रात्रीचा मार पुसला जात नाही. छळाचं जुनं ४९८-अ कलम आता न्याय संहितेत ८५ झालं आहे. त्याशिवाय २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्यात मारहाण थांबवण्याचा आदेश आणि राहत्या घरात राहण्याचा आदेश, दोन्ही मिळतात. नवऱ्याला तुरुंगात टाकायचं नसेल तरी हा मार्ग आहे. जीव धोक्यात असेल तर ११२, सल्ला हवा असेल तर १८१. आणि मार लागेल त्या दिवशी दवाखान्यात जा, कागद सांभाळून ठेवा. तो कागद नशेत नसतो.

प्रश्न (एक तरुण) : दोघंबी पेऊन होते, तिथंच भांडण झालं आन एक मेला. मंग?

उत्तर : अचानक उसळलेलं भांडण, आधी ठरवलेलं नाही, कुणी गैरफायदा घेतला नाही, क्रूरपणा केला नाही, तर खुनाचा सदोष मनुष्यवध होऊ शकतो. पण ती सवलत अचानक भांडणाची आहे, दारूची नाही. घरी जाऊन कुऱ्हाड आणली तर ‘अचानक’ संपलं. आणि दुसरी बाजूही ऐकून ठेवा. समोरची व्यक्ती नशेत असेल तर तिचं संरक्षण कमी होत नाही. नशेमुळे आपण कशाला हो म्हणतोय हे जिला कळत नाही, तिचा होकार कायदा होकार मानतच नाही.

प्रश्न (एक काका) : दहा-पंधरा वर्सं पेऊन डोकंच फिरलं, भास होते, त्याचं काय?

उत्तर : तो प्रश्न वेगळ्या कलमाचा, २२ चा. दारूनं का होईना, पण खरा मानसिक आजार जडला आणि घटनेच्या वेळी त्या आजारामुळे समज नव्हती, तर न्यायालय तो वेडाच्या कलमाखाली तपासतं. पण त्याला आधीच्या उपचाराचे कागद लागतात. म्हणून उपचार आजच सुरू करा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत नंबर आहे.

प्रश्न (तेच काका) : बाई, लायसन देते सरकार, कर घेते सरकार. आन गुन्हा आमचाच?

उत्तर : काका, प्रश्न बरोबर आहे. आपल्या शेजारी वर्धा नदीपलीकडं चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोली, वर्धा इथं बंदी आहे. बंदी असावी की नसावी यावर या मंडपातच दोन तट पडतील. गावातलं दुकान बंद करायचं तर बायांच्या हातात ‘आडवी बाटली’चं मतदान आहे, तो हक्क वापरा. पण फौजदारी न्यायालयात सरकार आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहत नाही. तिथं एकच माणूस उभा असतो, आणि त्याला एकच विचारलं जातं : पेला कुणी उचलला? त्या वेळी तो शुद्धीतच असतो, काका. कायद्याचा सगळा हिशेब त्या घडीपासून सुरू होतो.

थांबते. ज्यांना खाजगीत बोलायचं आहे त्यांच्यासाठी मी अजून तासभर इथंच बसलेली आहे.